दोन नवस आणि एक चौरंग

मित्रांनो, मी एक जुना चौरंग आहे. सागवानी, चार पायांचा, कडेने कमळाची वेल कोरलेला. चौरंगाला कोणी बोलायला सांगत नाही. त्याच्यावर देव बसतो आणि त्याच्यापुढे माणूस बोलतो. त्याने फक्त स्थिर राहायचे. पण इतकी वर्षे स्थिर राहिल्यावर एकदा तरी मन मोकळे करावेसे वाटते, म्हणून आज बोलतो.

माझे लाकूड सातपुड्याच्या पायथ्याचे. रावेरकडच्या एका गावात तोताराम पाटील नावाचे केळीचे बागायतदार होते. त्यांनी जीवराम मिस्त्रीला सांगितले, "जीवराम, घाई करू नको. पन चौरंग डुगडुगला तं मी तुह्याच दारात आनून ठेवीन." मिस्त्रीने एकही खिळा न मारता, नुसत्या खाचा जुळवून मला उभे केले आणि जवसाचे तेल चोळले. मी आजतागायत डुगडुगलो नाही, हे मी अभिमानाने सांगतो.

श्रावणात माझ्यावर कानबाई बसू लागली. खानदेशाबाहेरच्या मित्रांसाठी सांगतो, कानबाई म्हणजे नारळाच्या रूपाने घरी येणारी देवी. तिला नथ घालतात, साडी नेसवतात, रात्र जागवतात आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत नदीवर नेतात. मार्गशीर्षातल्या गुरुवारी माझ्यावर लक्ष्मीचा घट बसे. बायका माझ्याजवळ येऊन वाकत आणि जे नवऱ्यालाही सांगत नसत ते देवीच्या कानात सांगत. तिचा कान आणि माझी पाठ यांत अंतर ते किती! मला सारे ऐकू येई. पण ऐकलेले पोटात ठेवणे हाच आमचा धर्म. बोललेला नवस फेडेपर्यंत कोणाला सांगू नये, अशी रीतच आहे.

तोतारामांच्या मागे त्यांच्या सुनेने, सुनंदाबाईंनी, मला सांभाळले. पुढे त्यांचा मुलगा भूपेंद्र पाइपच्या कारखान्यात नोकरीला लागला आणि त्याने जळगावला फ्लॅट घेतला. नव्या घरी देवी बसवायला म्हणून सुनंदाबाईंनी मलाही तिथे धाडले. फ्लॅटमध्ये दिवे लागणारा पांढराशुभ्र देव्हारा होता. मला जागा नव्हती. एका उन्हाळ्यात भूपेंद्रने इकडेतिकडे पाहिले आणि माझ्यावर कूलर ठेवला. जळगावचा मे महिना तुम्हांला ठाऊक असेल. कूलर दिवसभर घुमायचा, पाणी ठिबकायचे आणि ते माझ्या एका पायात मुरायचे. मी तक्रार केली नाही. घरात गारवा होता, तेवढेच समाधान.

पुढे त्यांचे यजमान वारल्यावर सुनंदाबाई कायमच्या जळगावला राहायला आल्या. दारातून आत येताच त्यांनी पिशवी खाली टाकली. "भूपा! देवीच्या जागी कूलर?"

"आई, उंची बरोबर बसत होती."

"तुह्या डोक्याची उंची बरोबर बसते का पाह्य आधी!"

त्यांनी मला पुसले, उन्हात वाळवले, तेल लावले. पाय फुगलेला राहिला तो राहिलाच. पण मी पुन्हा देवघरासमोर आलो.

भूपेंद्रची बायको नूतन. तिचे माहेर धुळ्याकडच्या शिंदखेड्याचे. हळू बोलणारी, पण ठरवलेले सोडणारी नव्हे. सोमवार, गुरुवार, शनिवार धरणारी. तुळशीला पाणी घातल्याशिवाय तोंडात घोट न घेणारी. दोघी सासू-सुना मिळून मार्गशीर्षाचे गुरुवार करायच्या. आणि या दोघींच्या मध्ये सहा वर्षांचा योगराज. तो आजीशी आजीच्या रावेरकडच्या बोलीत बोले, आईशी कधी अहिराणीत, कधी पुस्तकातल्या मराठीत, आणि शेजारच्या मुलांशी इंग्रजीचे तुकडे घालून. कोणती भाषा कुठे संपते याची त्याला फिकीर नव्हती.

त्याला पहिलीत कोणत्या शाळेत घालायचे, हा प्रश्न त्या हिवाळ्यात घरात आला आणि ठाण मांडून बसला.

निवडून मुले घेणाऱ्या दोन शाळा होत्या. एक जळगावातच, महामार्गाकडची, मोठ्या फाटकाची. दुसरी धुळ्याची. तिथे दर इयत्तेचा एकच वर्ग, म्हणून जागा मोजक्या. धुळ्याची शाळा मिळाली तर सारे बिऱ्हाड हलवावे लागणार होते. भूपेंद्रला नरडाण्याच्या कारखान्यातून बोलावणे होतेच; धुळ्याहून तो रोज जाऊन-येऊन करू शकत होता. पण आई जळगाव सोडणार नाही म्हणून तो ते टाळत आला होता.

शेजारच्या कुंदाबाई रोज येऊन या प्रश्नाला धार लावून जायच्या. "अक्का, तुमच्या नातवाची तयारी आत्ता सुरू झाली? आमची सून तं पोटात लेकरू असल्यापासून इंग्रजी गानी लावे!"

"मंग लेकरू रडलं कोन्या भाषेत?" सुनंदाबाई विचारायच्या.

तयारी माझ्यासमोरच व्हायची. नूतन मला लिहिण्याच्या बाकासारखे पुढे घ्यायची. एकदा योगराज सरळ माझ्यावर चढला आणि हात मागे बांधून म्हणू लागला, "माय नेम इज..."

"उतर खाली!" आजी कडाडली. "देवीच्या जागी उभा राहून माय नेम सांगतो!"

"देवीले माय नेम आवडत नाई का, आजी?"

आजीला हसू आले, पण तिने ते पदराआड लपवले.

त्या वर्षीच्या पहिल्या मार्गशीर्ष गुरुवारी घट बसला. आरती झाली. नूतन नैवेद्य आणायला आत गेली तेव्हा सुनंदाबाई माझ्याजवळ वाकल्या. "माय, पोराले इथल्याच शाळेत लागू दे. डोळ्यासमोरून नेऊ नको. तोवर मी भरीत तोंडात घालनार नाई." मित्रांनो, जळगावच्या माणसाने ऐन थंडीत भरीत सोडणे म्हणजे काय, हे जळगावचाच माणूस जाणे. चातुर्मासात त्यांनी वांगे वर्ज्य केले होते, चंपाषष्ठीला ते सुटायचे. आता तेही गेले.

त्या उठल्या आणि नूतन आली. तिनेही डोळे मिटले. "देवी, योगराजला धुळ्याची शाळा मिळू दे. तोवर मी चहा घेणार नाही." नूतनचा प्राण त्या एका चहात अडकलेला. उपासाच्या दिवशी तिला तेवढाच आधार असे.

मी मधे स्थिर उभा होतो. एकाच सकाळी, एकाच देवीला, एकाच लेकरासाठी दोन उलटे नवस. असे मी जन्मात ऐकले नव्हते.

पुढचे दिवस मोठे मजेचे गेले. बिल्डिंगखाली तुराट्यांवर, तुरीच्या वाळल्या काड्यांवर, वांगी भाजल्याचा वास दरवळायचा आणि सुनंदाबाई ताट बाजूला सारायच्या. "मले ॲसिडिटी झाली." नूतन कप भरून सगळ्यांना द्यायची आणि म्हणायची, "मला चहाने झोप येत नाही हल्ली." भूपेंद्र दोघींसाठी गोळ्या घेऊन आला. दोघींनी त्या देव्हाऱ्यामागे टाकल्या.

शाळांच्या मुलाखती झाल्या. मी घराबाहेर जात नाही, म्हणून जे घरी माझ्या कानांवर आले तेच सांगतो. जळगावच्या शाळेतून योगराज पाठ केलेले सारे म्हणून आला. भूपेंद्र खूश होता. नूतन मात्र लगेच धुळ्याच्या मुलाखतीची तारीख पाहू लागली. धुळ्याच्या शाळेतून आला तेव्हा योगराजच्या गुडघ्यांना माती होती. तिथल्या बाईंनी त्याला विचारले होते, घरात सगळ्यात मोठे कोण? तो म्हणाला, आजी. मग त्याने आजीच्या बोलीत, केळीच्या बागेतून माकडे कशी हाकलायची ते आरोळीसकट करून दाखवले होते. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "आणखी सांग."

एका शनिवारी संध्याकाळी निकाल आले. आधी जळगावचा, थोड्या वेळाने धुळ्याचा. भूपेंद्र ओरडला, "दोन्ही! दोन्हीकडे लागला!"

सुनंदाबाईंनी देवीला हात जोडले आणि पहिले वाक्य बोलल्या ते असे, "नूतन, वांगे भाज. आज भरीत कर."

नूतन तेव्हा ओट्यापाशी होती. तिच्या हातात चहाचा भरलेला कप होता, स्वतःसाठी ओतलेला, आणि तो तोंडाशी गेला होता.

दोघी जागच्या जागी थांबल्या.

"तुहा चहा तं बंद व्हता," सासूबाई म्हणाल्या.

"आणि तुमची ॲसिडिटी, आई?"

दोघी एकमेकींकडे पाहून इतक्या हसल्या की नूतनला कप खाली ठेवावा लागला. पण हसू ओसरले तसा सासूबाईंचा चेहरा बदलला. "कोनत्या शाळेसाठी सोडेल व्हता?"

"धुळ्याच्या."

"मी इथल्या." त्या माझ्याजवळ पाटावर बसल्या. "देवीनं मले दिलं. दिलेलं नाकारायचं नसतं."

"मलाही दिलंय, आई."

भूपेंद्र डोके खाजवत म्हणाला, "तुम्हां दोघींना दिलं आणि मला अडकवलं!"

तेव्हा नूतनने मनातले सांगितले. आवाज नेहमीसारखाच हळू. "आई, इथल्या शाळेत फॉर्म घ्यायला गेले तेव्हाच मला वेगळं बसवून बजावलं. घरात फक्त इंग्रजी बोलायचं. बोलीभाषेनं मुलाची जीभ बिघडते म्हणाले. घरातल्या सगळ्यांनी. म्हणजे तुम्हीसुद्धा. कबूल असेल तरच या, म्हणाले. मी इतके दिवस बोलले नाही, तुम्हांला लागेल म्हणून."

सुनंदाबाई बराच वेळ माझ्या कडेवरच्या वेलीवर बोट फिरवत राहिल्या. "धुळ्याले मी काहाले येऊ? तिकडे माहं कोन हाये? आन् तुम्ही गेल्यावर मी इथं भिंतीसंगं बोलू? त्यापेक्षा मी मुकी राहीन, बाई. मौन मले नवं नाई. पोरगं डोळ्यासमोर राहीन."

नूतनने वाद घातला नाही. एवढेच म्हणाली, "मग उद्याचा दिवस करून पाहा, आई."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी योगराज उठून आला तशा सुनंदाबाई म्हणाल्या, "कम. मिल्क." आणि ओठ मिटून घेतले. योगराजला आधी गंमत वाटली. मग त्याने विचारले, "आजी, काल माकड कुठी गेलं व्हतं गोष्टीतलं?" आजीने मान हलवली. त्याने पुन्हा विचारले. आजीने खिडकीकडे बोट दाखवले. दुपारपर्यंत तो तिच्या मागे मागे फिरत होता. शेवटी त्याने तिच्या कपाळावर हात ठेवून पाहिला आणि आईला हाक मारली, "आई, आजीले ताप नाई. मंग ती माह्यावर रुसली का?"

आजीने त्याला ओढून मांडीवर घेतले. "नाई रे माह्या राजा! माकड ना, ते झुंबरबाईच्या कवलावर गेलं व्हतं..." गोष्ट सुरू झाली आणि डोळ्यांतून धारा. माझ्यावर घट नव्हता, तरी मला वाटले, आज इथे पूजा झाली.

गोष्ट संपल्यावर त्या नूतनला म्हणाल्या, "धुळे. पन माही एक अट. माह्याआधी चौरंग जाईन."

ही गोष्ट भाऊबंदांत पोचली. भूपेंद्रचे चुलते गिरधर नाना मुद्दाम गावाहून आले. "वहिनी, कानबाईचा चौरंग थोरल्या घराचा. तो सुनेच्या माहेराकडे न्यायचा? लोक काय म्हनतीन?"

"म्हनू द्या. चौरंग थोरल्या घराचाच हाये, नाना. आन् घर जिथं लेकरू, तिथं."

"देवी रुसली तं?"

"देवीनंच दोन्हीकडून कौल दिला. आता रुसायचं तोंड तिलेच नाई."

नाना हसले आणि जेवूनच गेले. नूतनने जळगावच्या शाळेला स्वतः फोन केला. "योगराजची जागा दुसऱ्या लेकराला द्या," ती म्हणाली, "आमच्या घरात सगळ्यांना बोलायचं असतं." कुंदाबाईंनी कपाळाला हात लावला. "एवढी शाळा सोडली! लोक पाया पडतात तिथं!" सुनंदाबाईंनी त्यांना पेढा दिला आणि विषय संपवला.

मे अखेरीस टेम्पोत सगळ्यात आधी मी चढलो. पारोळ्याच्या रस्त्याने रणरणते ऊन होते. नूतनने माझ्यावर ओले फडके टाकले होते.

शाळेच्या पहिल्या दिवशी धुळ्याच्या त्या नव्या घरात सुनंदाबाई सकाळपासून माझ्याशेजारी बसून होत्या. ओळखीचे कोणी नाही, रस्ता नवा, भाजीवालीची हाक नवी. आपण चुकलो का, असे त्यांच्या मनात येऊन गेले असेल. माझा भरवसा मात्र ढळला नव्हता. दुपारी दार वाजले. योगराजने दप्तर भिरकावले आणि चप्पल काढायच्या आत सुरू झाला, "आजी, आयक ना! आमच्या वर्गात एक पोरगा शे, त्याले तुह्यासारखी माकडाची आरोळी येतच नाई! टीचरनं मले शिकवायले सांगितलं!" तीन भाषा एका दमात, आणि ऐकणारी माझ्याशेजारी बसलेली.

मित्रांनो, जुन्या लाकडाला अधूनमधून तेलाचा हात लागतो आणि जुन्या माणसाला रोज बोलण्याची सोबत लागते. दोन्ही गोष्टी तुमच्या हातच्या आहेत. तुमचे आईवडील तुमच्यासाठी चांगली शाळा शोधतात, ते त्यांनी जरूर शोधावे. तुम्ही मात्र एवढे करा. शाळेतून आल्यावर घरात जे सगळ्यांत म्हातारे असेल, त्याच्याजवळ आधी जा आणि आज काय झाले ते त्याला कळेल अशा बोलीत सांगा. ते माणूस सकाळपासून दाराकडे कान लावून बसलेले असते. मला माहीत आहे, कारण मी त्याच्या शेजारीच असतो.