दुधावरची जाळी

निर्मलाचं विणकाम मिरवायचं नव्हतंच कधी. टेबलावर अंथरायचे मोर, खुर्चीच्या पाठीवरची फुलं, असलं ती करत नसे. बुऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यातल्या घरांत टेबल-खुर्च्या होत्याच किती? ती विणायची ते चुलीपाशी लागणारं. दुधाच्या पातेल्यावर टाकायची जाळी, वाऱ्यानं उडू नये म्हणून काठाला काचेचे मणी ओवलेली. गोल बुडाची भांडी कलंडू नयेत म्हणून खाली ठेवायची चुंबळ. तापलेलं पातेलं उतरवायला दुहेरी सुताचे जाड चौकोन. लोण्याचं गाडगं मांजरापासून वाचवायला शिंकं. लहानपणी शाळेतल्या बाईंनी क्रोशाची सुई तिच्या हातात दिली होती आणि साखळी नि खांब एवढंच शिकवलं होतं. बाकीचं तिनं उसवून, पुन्हा विणून, स्वतःच शोधलं. मोतीलालच्या दुकानात मिलचं तुटकं सूत स्वस्तात मिळे. त्याचं विणलेलं विकून घर चाले.

घर म्हणजे ती आणि तिची सासू सोजरबाई. नवरा लीलाधर लग्नानंतर थोड्याच दिवसांत जालन्याला, कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला गेला होता. जालना तेव्हा निजामाच्या मुलखात. "खोली मिळाली की तुला नेतो," म्हणून गेला. मग देश स्वतंत्र झाला, पण निजामाचा मुलूख वेगळाच राहिला. तिकडून जीव मुठीत घेऊन निघालेली माणसं बुऱ्हाणपुरात उतरू लागली. त्यांच्या तोंडून रझाकारांच्या गोष्टी ऐकल्या की सोजरबाईच्या हातातली वाटी खाली पडे. लीलाधरची काही खबर नव्हती.

ते दिवस दोघींनी एकमेकींना धरून काढले. निर्मला विणत बसे, सोजरबाई शेजारी बसून मणी ओवून देई. नजर अधू झाली होती तरी बोटांनी चाचपून एकेक मणी दोऱ्यात घाली. म्हातारीला रडू आवरेनासं झालं की निर्मला तिला घास भरवी. आणि निर्मलानं ताट सरकवलं की सोजरबाई पदर खोचून समोर बसे. "तू खाल्लं तर मी खाईन. नाहीतर दोघी उपाशी." निर्मलाला आई आठवत नव्हती. आई असती तर ती याहून वेगळी काय असती, असं तिला वाटे.

पुढे निजामाचं राज्य हिंदुस्थानात सामील झालं. इतवाऱ्यात पेढे वाटले गेले. अडकलेली माणसं एकेक करून घरी परतली. लीलाधर आला नाही. परतलेल्यांपैकी एकानं एवढंच सांगितलं, की दंग्याच्या दिवसांत तो कारखाना सोडून गेला, पुढं काय झालं ठाऊक नाही. निर्मलानं खूप वाट पाहिली. मग एके दिवशी, पाणी भरता भरता, तिनं मनाशी धरलं की तो आता नाही. आतल्या आत त्याचं सगळं क्रियाकर्म करून टाकलं. कुंकू मात्र पुसलं नाही. म्हातारी अजून आशेवर आहे, आपल्या कपाळाकडे बघून जगते आहे, असं तिला वाटे.

त्यानंतर सोजरबाईला भुसावळला जायची ओढ लागली. तिथं तिचा धाकटा भाऊ होता, कडू. "भावाच्या घरी जीव रमतो गं," ती म्हणे. जाताना गाठोडं घेऊन जाई. "कडूच्या सुनेला एक जाळी दे. बिचारीकडं काही नाही." "या खेपेला दोन चुंबळी दे." निर्मला चांगल्यातलं निवडून देई. एकदा सोजरबाईनं लहान वाटीवर घालायची छोटीशी जाळी मागितली, लाल मण्यांची. "एवढुशी कशाला, आत्याबाई?" "कडूच्या नातवाच्या दुधाला. माश्या बसतात ना." निर्मलानं ती फार जीव लावून विणली. लेकराची वस्तू तिनं याआधी कधी विणली नव्हती.

माघातली गोष्ट. सोजरबाई भुसावळला गेलेली होती. निर्मला ओसरीवर बसून एका गिऱ्हाइकाचं शिंकं पुरं करत होती, तेवढ्यात दारात कडूमामाच उभे. हातात केळ्यांची फणी.

"सूनबाई, इथं जवळ बहादरपुरास आलतो पोरीच्या सासरी. म्हटलं अक्काला भेटून जावं. कुठंय ती?"

निर्मला हसली. "मामा, मस्करी करता का? आत्याबाई तुमच्याकडंच आहेत ना."

"माझ्याकडं?" कडूमामांनी फणी खाली ठेवली. "दसऱ्यापासनं आली नाही ती माझ्याकडं."

"असं कसं? परवाच तर गेल्या. गाठोडं घेऊन."

कडूमामा साधा माणूस. मनातलं तोंडावर यायला त्यांना वेळ लागत नसे. "मग लीलाधरकडंच असंल," ते म्हणाले. निर्मलाच्या तोंडाकडे त्यांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "सूनबाई… तुला ठाऊक होतं ना? अक्का म्हणली, तुला सगळं ठाऊक आहे. तुझी मर्जी आहे म्हणली."

निर्मलानं शिंकं बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "मामा, तुम्ही परत कधी जाणार?"

"उद्या सकाळच्या गाडीनं."

"मी येते."

कडूमामांनी बरंच समजावलं. नको म्हणाले, अक्का आल्यावर बोल म्हणाले, हात जोडले. निर्मला ऐकेना. दुसऱ्या दिवशी सकाळी बुऱ्हाणपूरच्या लालबाग स्टेशनावर टांग्यातून उतरली तेव्हा मामांच्या दोन पावलं पुढंच होती.

भुसावळात रेल्वेच्या चाळींपलीकडे, जिनिंगच्या मागं, पत्र्याची घरं होती. मामांनी लांबूनच एक दार दाखवलं. पण ती थांबून राहिली तेव्हा नाइलाजानं तेही आले. दार उघडंच होतं. आत एक पोरसवदा बाई भाकरी थापत होती. मामांना बघून तिनं पदर घेतला.

"या मामा. आत्याबाई बाबूला घेऊन मारुतीला गेल्यात, येतीलच. आणि ह्या?"

"ह्या… बुऱ्हाणपूरच्या," मामा म्हणाले आणि खाली बघत उंबऱ्याशीच बसले.

"बुऱ्हाणपूरच्या! म्हणजे आत्याबाईंच्या शेजारच्या! बसा ना." बाईला मनापासून आनंद झाला होता. ती मालूबाई. तिनं चहाचं आधण ठेवलं आणि दुधाच्या पातेल्यावरची जाळी उचलली.

निर्मला बघत होती. ती जाळी तिची होती. कोपऱ्यातली कळशी जिच्यावर बसली होती ती चुंबळ तिची होती. आढ्याला टांगलेलं शिंकं, चुलीशेजारच्या खुंटीवरचे जाड चौकोन, सगळं तिचं. इतवाऱ्यातल्या आपल्या स्वयंपाकघरात एवढ्या वस्तू नव्हत्या. तिथं विकून उरेल तेवढंच असे. इथं तिच्या हातच्या वस्तूंनी पुरं घर लागलं होतं. फळीवर उपडी घातलेल्या चांदीच्या वाटीवर लाल मण्यांची ती छोटी जाळी होती.

मालूबाईला तिची नजर कळली. "छान आहे ना? सगळं आमच्या आत्याबाई विणतात. डोळ्यांनी दिसत नाही नीट, तरी पोरासाठी बसतात करत. मी म्हणते शिकवा मला, तर म्हणतात, तू बाळाला सांभाळ."

मालूबाई साखर घालत बोलतच राहिली. "तुम्ही ओळखत असाल ना यांच्या पहिल्या मंडळींना? आत्याबाई फार आठवण काढतात. फार गुणाची होती म्हणतात. देवाघरी गेली बिचारी. मी देवापुढं तिच्या नावानं रोज हात जोडते."

मामांनी तोंडावर उपरणं धरलं.

तेवढ्यात अंगणात हसू ऐकू आलं. सोजरबाई आली. कडेवर गुबगुबीत पोर, त्याच्या कपाळाला शेंदूर. निर्मलाला तिनं आधी ओळखलं नाही, उजेडातून आत आल्यानं. ओळखलं तेव्हा पोर हळूच खाली ठेवलं. पोर धावत मालूबाईकडे गेलं आणि निर्मलाकडे टकमका बघू लागलं. हनुवटी लीलाधरची होती.

"आत्याबाई," निर्मला म्हणाली, "मी कधी मेले?"

मालूबाईच्या हातातली कपबशी तिथंच राहिली.

सोजरबाई भिंतीला धरून खाली बसली. "निर्मला, घरी जाऊन बोलू."

"इथंच बोला. कधीपासनं ठाऊक होतं तुम्हाला?"

"इथं आला तेव्हाच निरोप धाडला त्यानं कडूकडं. हिच्या बापानं त्याला लपवून ठेवलं होतं, रझाकारांपासनं. पळताना बाप मेला. पोरीला टाकून येईल कसा तो? सांग. आणि मग हा झाला." तिनं पोराकडे हात केला.

"हे मला सांगता आलं असतं."

"सांगितलं असतं तर तू गेली असतीस."

"कुठं जाणार होते मी? मला माहेर आहे?"

"गेली असतीस," सोजरबाई हट्टानं म्हणाली. "मग माझं कोण होतं तिथं? ह्याच्याकडं दोन माणसांना पुरत नाही. मी काय खाल्लं असतं?"

निर्मलाला वाटलं होतं, म्हातारी रडेल, पाया पडेल. ती तसलं काही करत नव्हती. तिनं जे खरं होतं ते सांगितलं होतं, आणि तेच निर्मलाला झेपेना. म्हणजे समोर बसून "तू खाल्लं तर मी खाईन" म्हणणारी ती बाई, मणी ओवणारी ती बोटं, आणि आपल्या कपाळाच्या कुंकवाकडे बघून टाकलेले ते उसासे… तेव्हा सगळं ठाऊक होतं. निर्मला तिच्या आशेसाठी कुंकू लावत होती आणि ती निर्मलाला आशेवर ठेवत होती.

दुपारच्या सुट्टीत लीलाधर जेवायला आला. दारात निर्मलाला पाहून त्याचे पाय उंबऱ्याबाहेरच थांबले. अंगानं सुटला होता, डोक्यावर कापसाचे तंतू. "निर्मला, मी मजबूर होतो," तो म्हणाला. "हालातच तसे होते." राग यावा म्हणून तिनं वाट पाहिली, पण त्याच्याबद्दल आत काहीच हलत नव्हतं. त्याचं दुःख तिनं केव्हाच करून संपवलं होतं. जे आत्ता चिरत होतं ते भिंतीशी बसलेल्या म्हातारीचं होतं.

मालूबाई रडत होती. ती उठली आणि खुंटीवरचे चौकोन, कळशीखालची चुंबळ, जाळ्या, सगळं काढून निर्मलापुढं ठेवू लागली. "ताई, देवाशपथ, मला काही ठाऊक नव्हतं. तुमचं तुम्ही न्या."

"राहू दे," निर्मला म्हणाली. "तुझ्याशी माझं काही नाही." लाल मण्यांच्या जाळीकडे तिची नजर गेली, आणि तीही तिनं तिथंच राहू दिली. निघताना सोजरबाईला नमस्कार केला नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

इतवाऱ्यातलं घर सोजरबाईच्या नावावर होतं. निर्मलानं आपली सुई, सूत आणि दोन लुगडी उचलली आणि मागच्या गल्लीत आशाबाईच्या माडीवर खोली घेतली. आशाबाई विधवा होती, शाळेत शिकवायची. निर्मलानं तिला सगळं सांगितलं. कुंकू पुसायचं का, हेही विचारलं. आशाबाई म्हणाली, "तुला हवं तर लाव, नको तर नको. आता कुणासाठी लावायचं कारण नाही." निर्मलानं लावणं सोडलं. बायकांनी चार दिवस कुजबुज केली.

सोजरबाई महिनाभरानं परतली. भुसावळात तिला ठेवून घेतलं नव्हतं. मालूबाई तिच्याशी बोलेनाशी झाली होती म्हणे, आणि लीलाधरनं आईला गाडीत बसवून दिलं होतं. गल्ली आता निर्मलालाच नावं ठेवू लागली. म्हातारीला एकटं टाकलं, नवऱ्याचा राग सासूवर काढला, असं मोतीलालसुद्धा सूत मोजता मोजता बोलून गेला. निर्मलानं त्याला काही सांगितलं नाही. सांगायला गेलं तर म्हातारीची लाज जाणार होती, आणि ती जावी असं वाटत असूनही तिच्या तोंडून निघत नव्हतं.

होळीच्या आदल्या दिवशी सोजरबाई माडी चढून आली. दम लागला होता. दारात उभी राहून तिनं आत पाहिलं. लहानशी चूल, एक पातेलं, एक ताट.

"निर्मला, चल घरी. माझ्या डोळ्यांना आता चूलसुद्धा दिसत नाही."

निर्मला विणत राहिली.

"मी चुकले म्हणते. आणखी काय म्हणू? पोटासाठी केलं. तू माझी लेकच ना."

"लेक असते तर मेली म्हणून सांगितलं नसतं, आत्याबाई."

सोजरबाईनं दाराची चौकट धरली. "एकटीच्या घशाखाली घास उतरत नाही गं."

"माझ्याही उतरत नाही," निर्मला म्हणाली. आणि हे खरं होतं. रोज संध्याकाळी भाकरी केल्यावर अजून तिचा हात दुसऱ्या ताटाकडे जाई.

ती उठली. कालच्या दोन भाकऱ्या आणि थोडं पिठलं फडक्यात बांधून तिनं म्हातारीच्या हातात दिलं. "रोज आशाबाईंच्या मुलीबरोबर पाठवीन. तुम्ही उपाशी राहणार नाही. पण तुमच्यासमोर बसून मला जेवता येणार नाही. ते मागू नका."

सोजरबाईनं फडकं पदरात घेतलं. मग ती खाली उतरू लागली. गुडघे दुखत असल्यानं एकेका पायरीवर थांबत होती, आणि निर्मला ते ऐकत दाराशी उभी होती. मध्येच जिन्यावर पाय सरकल्यासारखा आवाज झाला. निर्मला एक पाऊल पुढं गेली. मग खालून सोजरबाईचं कण्हणं आणि पुन्हा पावलं ऐकू आली, तशी ती थांबली आणि दार लोटून घेतलं.