उचललेला पाय

मी सेनापती बोलतोय. फार मोठा समजू नका, नकाशावर जेमतेम अंगठ्याएवढा आहे. कॉम्प्युटरवरच्या खेळातला. तलवार उगारलेली, उजवा पाय उचललेला. तो खाली टेकायची सोय नाही, कारण आमच्या मालकांनी खेळ थांबवून ठेवलाय.

सुरुवातीला माझी ऐट काय विचारता! जुन्या काळच्या राज्यांचा हा खेळ. लढाया, तह, सोयरिकी, सगळं यात. वाटलं, आता आपण जग पालथं घालणार. आणि नशिबी कोण आलं? लिफ्ट दुरुस्त करण्यात हयात घालवलेले एक निवृत्त गृहस्थ. चष्मा कपाळावर आणि नाक पडद्याला टेकलेलं.

त्यांना यातलं ओ की ठो कळत नव्हतं. एका राजाला भेट पाठवायला गेले आणि त्याच्याशीच युद्ध पुकारून बसले. भर हिवाळ्यात मला डोंगरात धाडलं, अर्धी फौज उपाशी मेली. अरेच्चा, म्हणाले, आणि खेळ थांबवला.

थांबवण्याचा त्यांना भारी सोस. कामावर असताना कशालाही हात लावण्याआधी मेन स्विच बंद करायची सवय, ती इथेही सुटेना. मला दोन पावलं चालवायचं, तरी आधी कीबोर्डवरचं ते लांबडं बटण दाबून सगळं ठप्प. जीव अगदी मेटाकुटीला यायचा माझा.

शेजारचं मोठं साम्राज्य त्यांच्या लेकीचं. ती दूरच्या शहरात एकटी राहायची आणि तिथून खेळायची. फोन स्पीकरवर असायचा, म्हणून मलाही ऐकू यायचं. सारखं थांबवू नका ना, अशी ती कुरकुरायची. वाचतोय गं, म्हणायचे हे. वाचतायत कसले! नजर माझ्यावर, पण कान सगळे तिच्या आवाजाकडे.

कारण मला हळूहळू कळलं. लेकीने कित्येक आठवड्यांत घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. नोकरीवर जाणं बंद, कुणाचा फोन घेणं बंद, आईचासुद्धा. फक्त या खेळासाठी तेवढा उचलायची. खेळ संपला तर तोही बंद होईल, या धास्तीने मालक मला पुढे सरकू देत नव्हते. माझा राग गेला. पाय मात्र दुखायचा तो दुखतोच, खोटं कशाला बोलू?

अखेर मी शत्रूच्या राजधानीच्या वेशीशी पोचलो. एक पाऊल टाकलं की युद्ध संपलं, आणि खेळही. मालकांनी बटण दाबलं.

या खेपेला लेक कुरकुरली नाही. म्हणाली, "बाबा, मी दारापर्यंत जाते. चपला घालते. पुढे पाय उचलतच नाही."

मालकांनी चष्मा काढून पुसला. आवाज मात्र रोजचाच ठेवला.

"दाराशी झगडू नकोस, बाळा. खाली बस. लिफ्टमध्ये अडकलेल्याला आम्ही हेच सांगायचो. मी येतोय. पोचेपर्यंत फोन ठेवायचा नाही, बोलत राहायचं."

"काय बोलू?"

"तुझ्या साम्राज्याचं सांग. मला अजून काडीचंही कळलेलं नाही."

फोन कानाला लावून त्यांनी एका हाताने पिशवी भरली. बायकोला खुणेनेच सांगितलं. त्या माउलीने काही न विचारता स्वतःच्या चपला शोधल्या. दार ओढलं गेलं. जिन्यावरून त्यांचं "बरं, मग पुढे?" लांब जाताना ऐकू आलं.

तेव्हापासून मी असाच आहे. वेस समोर, खोलीत चिटपाखरू नाही. लेकीचा पाय उंबऱ्याबाहेर पडला असेल का, एवढंच सारखं मनात येतं. पडला असेल, तर माझा राहिला हवेत, हरकत नाही.

कुणी खोलीत डोकावलंत, तर त्या बटणाला हात लावू नका, तो मान मालकांचा. पण जरा थांबा, दोन शब्द बोला माझ्याशी. अडकलेल्याशी बोलत राहायचं असतं.