सातवा माणूस

लेकीने पॉपकॉर्नचा डबा बाबांच्या मांडीवर ठेवला आणि पडद्याकडे बोट दाखवून भराभर ओळखी करून द्यायला घेतल्या. हा भिंतीतून आरपार जातो, ती पाणी थोपवते, म्हातारीला सात कोसांवरचं ऐकू येतं. सगळे मिळून सात. आधीचे नऊ चित्रपट तिला तोंडपाठ होते. बाबांची पाटी कोरी. आगीच्या बंबावर तीस वर्षं काढलेल्या माणसाला या मुखवटेवाल्यांचं कसलं आलंय कौतुक! पण गुरुवारी ती दोन वर्षांसाठी नोकरीला परदेशी निघाली होती, आणि ते ठरल्यापासून बाबांनी त्यावर अवाक्षर काढलं नव्हतं. बॅगेला कुलूप तेवढं आणून दिलं होतं. निदान तीन तास शेजारी बसतील, एवढ्या आशेवर तिने त्यांना ओढून आणलं होतं.

मध्यंतरापर्यंत बाबा नुसत्या चुका काढत होते. धुरात असं ताठ कोण उभं राहतं, खाली वाकायला नको का? पुढच्या रांगेतली पोरं वळून बघायला लागली, तशी ती शरमेने अर्धमेली झाली. मग शेवटची लढाई जुंपली आणि बाबा बोलायचेच थांबले.

शहर एकदाचं वाचलं. शिट्ट्यांनी थिएटर दणाणलं, धुळीतून एकेक वीर बाहेर आला, पडद्यावर नावं सरकू लागली. लोक उठले. बाबा काही उठेनात.

"सहाच आले," ते म्हणाले. "एक जण आत आहे."

तिने मनातल्या मनात मोजलं. खरंच की! नऊ चित्रपटांची पंडिता, पण टाळ्यांच्या नादात तिने मोजलंच नव्हतं. बाबांच्या अग्निशमन केंद्रावर मात्र तो नियमच होता: आगीवरून बाहेर आलं की आधी डोकी मोजायची, मोजणी पुरी भरल्याशिवाय कोणी हेल्मेट काढायचं नाही. ज्यांची नावंसुद्धा त्यांना धड आठवत नव्हती, त्यांचीही मोजणी त्यांनी केली होती. तिला बाबांबद्दल फार फार प्रेम वाटलं.

दोघं बसून राहिली. नावं संपली, दिवे लागले, झाडूवाला दोनदा डोकावून गेला. सातवा काही आला नाही.

"पुढच्या भागात येईल, बाबा," ती म्हणाली. "दोन वर्षांनी."

बाबा रिकाम्या पडद्याकडे बघत राहिले.

"मग तोवर हेल्मेट काढायचं नाही," ते म्हणाले.

जिना उतरताना त्यांनी पहिल्यांदाच विचारलं, गुरुवारचं विमान किती वाजताचं आहे.