न फुटणारे टोमॅटो

सगळे त्याला ‘टणक’ म्हणत आणि त्यालाही ते आवडे! त्याच्या शेतातला टोमॅटो कमरेच्या उंचीवरून फरशीवर टाकला तरी फुटत नसे, चेंडूसारखे दोन टप्पे घेई. एकरी उत्पन्नात त्याचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. चवीचं म्हणाल, तर चव विचारली होती कोणी?

घरात मात्र तो टोमॅटो कधी आलाच नाही. आईने परसात जुन्या जातीची रोपं राखली होती. वेडीवाकडी फळं, जरा दाबली की पिचकणारी. घर जेवायचं ते त्यांच्यावर.

त्या दिवशी दुकानांच्या मोठ्या कंपनीचे खरेदीसाहेब आले. येत्या हंगामाचा माल त्यांनी उचलला तर ठीक, नाहीतर तो डोंगर घालायचा कुठे? साहेबांनी रीतसर टोमॅटो आपटून पाहिले. एकही फुटला नाही. साहेब खूश झाले आणि जेवायला बसले. बायकोने सवयीने परसातल्या फोडी वाढल्या.

साहेबांनी एक फोड तोंडात टाकली आणि डोळेच मिटले.

“अहो, काय चव आहे! जाहिरातीत हेच सांगतो.”

टणक मान डोलावणार, तेवढ्यात आई बोललीच, “हे विकायचे नाहीत हो. विकायचे ते तुम्ही मघाशी आपटलेत.”

झालं! टणकला वाटलं, आता धरणी पोटात घेईल तर बरं.

साहेब मात्र गालातल्या गालात हसले. “आजी, मला का माहीत नाही? तो टोमॅटो आमच्याही घरी कोणी खात नाही.”

“मग दुकानात ठेवता कशाला?”

“लोक घेतात म्हणून.”

“आणि लोक का घेतात?”

“दुसरा आम्ही ठेवतच नाही ना!”

करार झाला. फक्त एक बारीकशी तोंडी अट होती. दर आठवड्याला परसातली एक टोपली साहेबांच्या घरी आणि एक त्यांच्या वरच्या साहेबांकडे. टणकने हात जोडले. “साहेब, तुमचंच आहे सगळं.” दुसरं काय म्हणणार बिचारा!

परस सगळं मिळून दोन टोपल्यांचंच. साहेबांची गाडी येऊन गेली आणि रोपांवर नुसता पाला उरला. बायको मुकाट्याने शेतातून चार टोमॅटो घेऊन आली. चिरताना तिला सुरीवर दोन्ही हातांनी जोर द्यावा लागला.

आई एक फोड चावत राहिली, चावत राहिली.

“कुठले रे हे?”

“आपलेच, आई.”

आईने ताट बाजूला सारलं. “एवढी वर्षं लोकांना हे खायला घालतोयस तू?”

टणकच्याही तोंडात फोड होती आणि ती काही केल्या गिळवत नव्हती.