ओंडक्यावरचे वाटे

मी एक जुना ओंडका आहे. चुलीत घालायचा नव्हे. खाटकाच्या दुकानात ज्यावर मटण तोडतात, तो. नाक मुरडू नका, मित्रांनो! तुमच्या ताटात जे येतं ते आधी माझ्यासारख्याच्या अंगावरून जातं.

मी मूळचा चिंचेचा. वादळात झाड आडवं झालं, सुताराने बुंध्याचा गुडघ्याएवढा तुकडा कापला आणि आमच्या मालकाच्या वडिलांनी तो खांद्यावर घालून दुकानात आणला. म्हातारा रोज संध्याकाळी मला खरवडायचा, जाडं मीठ चोळायचा आणि गिऱ्हाइकांना सांगायचा, "हा माझा थोरला." धाकटा, म्हणजे आताचा मालक, त्यावरून रुसून बसायचा. तो राग त्याने पुढे काढलाच म्हणा! म्हातारा गेला, विजेची करवत आली आणि माझी रवानगी मागच्या दारात झाली. माझ्यावर मांजरं झोपू लागली. फार वाईट वाटलं. पण मी कुजलो नाही. कुजायचं नाही असं ठरवूनच बसलो होतो.

मागच्या दारातून दुकानातलं सगळं ऐकू यायचं. एके दिवशी गल्लीतल्या शिवणवाल्या ताई आल्या. गळ्यात टेप तशीच होती.

"दादा, तुमच्या बकऱ्यांना लवकर वाढायची इंजेक्शनं देतात का हो?"

मालक भडकला. "इतकी वर्षं माल नेताय ताई, आणि आता संशय?"

"संशय नाही. विचारतेय."

मालकाने सुरी खाली ठेवली. "खरं सांगू? मला माहीत नाही. मी बाजारातून आणतो. तिथं कोणी सांगत नाही आणि मी विचारत नाही."

ताईंची मुलगी चिमणी अवघी आठ वर्षांची. ताईंनी शिवलेला फ्रॉक तिला बघता बघता आखूड व्हायचा. आधी कौतुक वाटलं, मग ताई तिला दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. मुलगी वयाच्या मानाने लवकर वाढतेय, आपण लक्ष ठेवू, म्हणाल्या. खाण्यातल्या हार्मोनमुळे असेल का? तसं ठामपणे सांगता येणार नाही, म्हणाल्या. ताईंच्या जिवाला घोर लागला.

चौकात काचेचं नवं दुकान होतं. तिथं सेंद्रिय मटण मिळायचं, पण भाव ऐकूनच घाम फुटायचा. ताईंनी एकदा पाव किलो नेलं. सासऱ्यांनी वाटीत डोकावून विचारलं, "सूनबाई, तुकडा आपणहून वर येईल, की मी पोहायला उतरू?" सगळे हसले. ताईंना मात्र रडू आलं. दुसऱ्या दिवशी त्या आमच्या दुकानात येऊन म्हणाल्या, "दादा, इंजेक्शन न दिलेलं बकरं शोधायचं. आपण दोघांनी."

मालकाने खूप कारणं सांगितली. ताई हलल्या नाहीत. शेवटी टेकडीपलीकडे शेळ्या चारणाऱ्या एका मावशी सापडल्या. "माझ्या जनावरांना पाला नि पाणी," त्या म्हणाल्या. "इंजेक्शनं मला परवडतात कुठं!" पण त्या अख्खं बकरं विकायच्या, किलोवर नाही. मग ठरलं की वाटे घालायचे. म्हणजे सगळ्या बकऱ्याचे सारखे ढीग करायचे आणि प्रत्येक ढिगात मांडी, बरगडी, काळीज, हाड, सगळं थोडं थोडं. असा वाटा काचेच्या दुकानातल्यापेक्षा बराच स्वस्त पडणार होता. शेजारच्या घरांनी हो म्हटलं आणि ताईंनी शिवणाच्या पैशातून बकरं घेतलं.

विजेच्या करवतीवर हाडांचा चुरा होतो. वाट्यांना ओंडकाच लागतो. मालक मागच्या दारात आला, मांजराला हुसकलं, मला खरवडलं, उकळत्या पाण्याने धुतलं, मीठ चोळून उन्हात वाळवलं. "चल रे थोरल्या," तो म्हणाला. त्या वेळी माझं काय झालं ते सांगता येत नाही, मित्रांनो.

रविवारी सकाळी वाटे मांडले. दोन-तीन घरांनी आपापले नेले आणि मग माशी शिंकली. बँकेतल्या वहिनी म्हणाल्या, "आम्हाला फक्त मांडी द्या. पाय-बिय कोण खातं?"

"वाट्यात निवड नसते, वहिनी," ताई म्हणाल्या.

वहिनी निघून गेल्या. त्यांचं बघून आणखी काही घरांनी निरोप धाडले, आज नको. मालक कुजबुजला, "देऊन टाका ना मांडी. गिऱ्हाईक तरी हातचं जाणार नाही."

"एकीला मांडी दिली तर शेवटच्या घरात नुसती हाडं जातील, दादा. नाही द्यायची."

ऊन वर चढलं. वाटे तसेच पडून. हे बकरं अंगावर पडलं तर पुन्हा दुसरं आणायची ताईंची ऐपत नव्हती. चिमणी पायरीवर बसून आईच्या तोंडाकडे बघत होती. तेवढ्यात समोरचा इस्त्रीवाला रस्ता ओलांडून आला.

"ताई, अख्खा वाटा झेपायचा नाही. अर्धा मिळेल?"

ताई गोंधळल्या. "तुम्हाला... मला वाटलं, तुम्हाला नको असेल."

"आम्हाला कोणी विचारलंच नाही. आमची पोरं काय हवा खाऊन वाढतात?"

ताईंचा चेहरा पडला. पण क्षणभरच. "दादा, सगळ्यांचे अर्धे करा," त्या म्हणाल्या. मग त्या स्वतः निघाल्या. शेजाऱ्यांना विचारताना ज्या दारांवरून पुढे गेल्या होत्या, त्याच दारांवर आता थाप मारली. पंक्चरवाला आला, झाडूवाली आजी आली, दूधवाल्याची बायको आली. माझ्यावर सुरा सपासप चालत होता आणि मला एकही घाव लागत नव्हता. शेवटी वॉचमन आला तेव्हा फक्त ताईंचा वाटा उरला होता. त्यांनी तोही अर्धा करायला लावला.

उरलेली पिशवी चिमणीने उचलली. "आई, आता मी हळूहळू वाढेन ना?"

मालक उगाचच सुरा पुसू लागला. ताई खाली बसल्या आणि त्यांनी तिचा हात धरला.

"ते मला माहीत नाही, चिमणे. पण आज तू काय खाणार आहेस, ते मला माहीत आहे. आणि पुढच्या रविवारीही माहीत असेल."

मित्रांनो, मी लाकूड, मी कुणाला काही विचारू शकत नाही. तुम्हाला तोंड आहे. ताटात काय वाढलंय ते विचारा, कोणी भडकलं तरी विचारा. आणि विचारून झालं की शेजारचं दारही वाजवा.