रिकामे फोटो पाठवू नयेत

फोटो पहिला.
मित्रांनो, या फोटोत चार पांढऱ्या सळया दिसतात ना, ती मी. मी एक जुनी लोखंडी चौकट आहे. लांबी अर्धा मीटर, रुंदी अर्धा मीटर आणि मध्ये काहीच नाही. मध्ये काही नसणं हाच माझा धंदा. मला समुद्राच्या तळावर टाकायचं, माझ्या आत येतील तेवढे शिंपले मोजायचे आणि त्यावरून अख्ख्या तळाचा अंदाज बांधायचा. शितावरून भाताची परीक्षा, तशी.

एका वेल्डरने मोडक्या फाटकाच्या सळया कापून मला जोडलं. एक कोपरा तिरका राहिला. "समुद्रात कोण काटकोन बघतंय!" असं म्हणून त्याने मला रंग फासला.

फोटो सतरावा.
माझ्या सळईवर तुटक्या नखांचा एक हात आहे. तो वहिनींचा. होडी चालवणारा त्यांचा धाकटा दीर दिवसभर "वहिनी, वहिनी" ओरडायचा, म्हणून त्या साऱ्या बंदराच्या वहिनी झाल्या. त्या बुडी मारायच्या, मला फेकायच्या, फोटो काढायच्या, वर यायच्या.

फेकायचा नियम होता: डोळे मिटून. पडेन तिथे मोजायचं, जागा निवडायची नाही. पाण्याखाली वहिनींवर नजर ठेवणारं कोण होतं? तरी त्या डोळे मिटायच्या.

"वहिनी, आज किती?"

"तीन ठिकाणी वाळू, एका ठिकाणी दोन."

"म्हणजे भोपळाच की!"

"मग काय, खाली पेरून येऊ?"

दीर हसला, पण त्याचं तोंड उतरलं होतं. त्यांच्या गल्लीत घरटी एक तरी बाई शिंपले सोलायला बसायची. तळाच्या त्या पट्ट्याला दोन वर्षं विसावा हवा, हे सगळ्यांना कळत होतं. मत्स्यखात्याच्या कार्यालयाच्या मोजणीत शिंपले कमी भरले, तर पट्टा बंद राहणार होता आणि वाचणार होता. वहिनींना एवढंच हवं होतं.

फोटो चोविसावा.
रिकामा. परत आला.

फोटो पंचविसावा.
रिकामा. परत आला. सोबत चिठ्ठी: "रिकामे फोटो पाठवू नयेत."

वहिनी ती चिठ्ठी घेऊन कार्यालयात गेल्या. मी त्यांच्या खांद्याला अडकवलेली होते. संगणकावर बसणारी ताई म्हणाली, "अहो वहिनी, ही मोजणी नाही. यंत्राला शिकवायचंय, शिंपला कसा दिसतो ते. नुसत्या वाळूतून ते काय शिकणार? मोजणी नंतर, यंत्रच करेल."

"शिकवायचंच आहे ना? मग दाखवते चांगले."

त्या दिवसापासून वहिनींनी डोळे उघडे ठेवले. शिंपले शोधायच्या आणि मला बरोब्बर त्यांच्यावर ठेवायच्या. एकही फोटो परत आला नाही.

फोटो तीनशेवा.
माझ्या आत चौदा शिंपले. ताईने प्रत्येकाभोवती रेघ ओढली आणि यंत्राला दाखवलं. यंत्र हुशार निघालं, असं कार्यालयाचे साहेब म्हणाले. शाबासकी यंत्राला, पेढे साहेबांना. मला एका लोखंडी गाड्यावर कॅमेऱ्याखाली नटबोल्टने आवळलं. होडीमागून तो गाडा ओढला की झालं, बुडीचं काम संपलं. वहिनींना सांगितलं, आता घरी बसा.

फोटो पाच हजारावा.
वाळू. त्याआधीच्यातही वाळू. मी स्वतः तिथे होते, मित्रांनो. शेकडो फोटोंत माझ्या आत वाळूशिवाय काही नव्हतं. यंत्राने प्रत्येक फोटोत दहा-बारा शिंपले मोजले. साहेबांनी लिहिलं: पट्टा भरलेला आहे, खुला करावा.

वहिनी तडक कार्यालयात आल्या.

"साहेब, खाली काही नाही हो!"

"वहिनी, शिकवणीचे फोटो तुमचेच ना? सगळ्यांत शिंपले. मग आता नाहीत कसे?"

 वहिनींनी दाराशी ठेवलेल्या गाड्यावरून मला सोडवलं, साहेबांच्या खोलीतल्या फरशीवर ठेवलं आणि कॅमेरा ताईच्या हातात दिला. "काढ फोटो. विचार तुझ्या यंत्राला."

फोटो, ज्याला क्रमांक नाही.
चार फरश्या, टेबलाचा एक पाय, साहेबांच्या चपलेचं टोक. यंत्र म्हणालं: अकरा शिंपले.

ताईला आधी हसू फुटलं, मग ती रडवेली झाली. यंत्र शिंपले शिकलंच नव्हतं. ते मला शिकलं होतं. चौकट दिसली की शिंपले असतातच, कारण रिकामी चौकट त्याला कुणी कधी दाखवलीच नव्हती. आयुष्यात एकानेच मला इतकं निरखून पाहिलं, आणि त्यानेच असा घात केला.

"आदेश काल निघाला," साहेब चप्पल मागे घेत म्हणाले. "आता माझ्या हातात काही नाही."

फोटो नाही.
दात्यांची जाळी लावलेल्या बोटी आल्या. अकरा दिवस त्यांनी तळ खरवडला. होतं नव्हतं ते गेलं. बाराव्या दिवशी गल्लीतल्या सुऱ्या धुऊन फडताळात गेल्या.

फोटो अलीकडचा.
कार्यालयाची नवी चिठ्ठी आली: "यंत्राच्या सुधारणेसाठी रिकामे फोटो तातडीने पाठवावेत." वहिनींना पुन्हा बोलावलं. यंत्र आता अचूक आहे. ते शून्य म्हणतं आणि शून्यच असतं.

मित्रांनो, माझ्या सळया गंजल्या, रंगाचे पोपडे निघाले. त्याचं मला काही नाही. पण उद्या तुम्ही कुणाला काही शिकवाल, तेव्हा रिकामी जागाही दाखवा. "इथे काही नाही" असं सांगणाऱ्याला माघारी धाडू नका.

वहिनी पुन्हा मला डोळे मिटूनच फेकतात. आता मिटले काय नि उघडे ठेवले काय.