जे मोजलं जाणार नव्हतं

खालच्या दाराची बेल वाजली, तेव्हा कादंबरी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसली होती. ती उठली नाही. थोड्या वेळाने बेल पुन्हा वाजली. समोर अनिका स्टीलच्या वाट्या एकात एक घालत, काढत, खेळत होती. दुसरं कुठलंही पावणेदोन वर्षांचं मूल बेल ऐकून दाराकडे धावलं असतं. अनिकाने मान वर केली नाही. सकाळी कादंबरीने तिच्या कानांची यंत्रं मुद्दामच घातली नव्हती.

मग फोन वाजला. तो तिने पालथा घातला आणि पडद्याच्या फटीतून खाली पाहिलं. मिस टेरेसा फुटपाथवर उभी होती. खांद्याला खेळण्यांची मोठी पिशवी. तिने एकदा वर खिडकीकडे बघितलं, हातातल्या फोनकडे बघितलं आणि ती डेव्हन ॲव्हेन्यूच्या बसस्टॉपकडे चालू लागली. ती वळणावर दिसेनाशी झाली आणि कादंबरीला रडू फुटलं. अनिकाने वाटी खाली ठेवली आणि ती आईच्या तोंडाकडे टक लावून पाहू लागली.

कादंबरी मूळची सांगलीची. लग्नाआधी ती आकाशवाणीवर अधूनमधून निवेदिकेचं काम करायची. कायमची नोकरी नव्हे, पण तिचा आवाज गावात माहीत होता. भाजी घेताना ती दोन वाक्यं बोलली, की भाजीवाल्या बाईने मान वर करून विचारावं, ‘रेडिओवरच्या काय तुम्ही?’ प्रथमेशशी लग्न ठरलं आणि ती शिकागोला आली. तो पीएचडी करत होता. त्याच्या विद्यार्थी व्हिसावर आलेल्या बायकोला काम करायची परवानगी नव्हती. तेव्हा तो आवाज डेव्हनच्या मागच्या गल्लीतल्या दोन खोल्यांत राहू लागला.

अनिका झाली ती इथेच. जन्मल्यावर लगेच हॉस्पिटलने कान तपासले, तेव्हा ‘पाणी गेलं असेल, पुन्हा दाखवा’ म्हणाले. पुन्हा दाखवत दाखवत बाळ आठ महिन्यांचं झालं, तेव्हा डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की दोन्ही कानांनी कमी ऐकू येतंय, बरंच कमी. त्याच हॉस्पिटलमधल्या एका बाईने पुढचं सगळं मार्गी लावलं. मूल इथे जन्मलेलं, बापाला विद्यार्थ्याचं तुटपुंजं वेतन, म्हणून राज्य सरकारकडून मुलांना मिळणारं आरोग्याचं कार्ड अनिकाला मिळालं. त्यातून कानाची यंत्रं आली. शिवाय दर आठवड्याला घरी येऊन बाळाला ऐकायला, बोलायला शिकवणारी मिस टेरेसाही मिळाली.

यंत्रं पहिल्यांदा सुरू केली त्या दिवशी ती बसवणारी बाई म्हणाली, ‘आता तुम्ही काहीतरी बोला. काहीही.’ कादंबरीला ऐनवेळी काही सुचेना. आणि अचानक तोंडातून निघून गेलं, ‘‘नमस्कार, श्रोतेहो!’’

अनिकाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. आधी दचकून, मग डोळे मोठे करून. प्रथमेश भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, कारण त्याला ते बघवेना.

पुढचे महिने घरात आनंदीआनंद होता. मिस टेरेसाने सांगून ठेवलं होतं, ‘तिच्याशी तुझ्या भाषेत बोल. दिवसभर बोल.’ कादंबरीला आणखी काय हवं होतं? कणीक मळताना, केस विंचरताना ती बोलत सुटायची. अनिका ‘पा’ म्हणू लागली, म्हणजे पाणी. मग ‘बाबा’. मग बस दिसली की ‘मोठ्ठी’.

त्या वर्षी दसऱ्याला सगळे दिगंबर काकांकडे जमले होते. काका या देशात तीस वर्षं होते. उपनगरात मोठं घर. महाराष्ट्रातून नवा विद्यार्थी आला, की विमानतळावर घ्यायला काका, पहिली गादी आणि प्रेशर कुकर द्यायलाही काका. माणूस मनाने मोठा. त्यांनी अनिकाला मांडीवर घेतलं, कानामागचं गुलाबी यंत्र निरखून पाहिलं आणि विचारलं, ‘‘छान आहे रे हे. पण फार एक्स्पेन्सिव्ह असतं ना?’’

‘‘स्टेटचं कार्ड आहे काका,’’ प्रथमेश म्हणाला. ‘‘कव्हर होतं सगळं. थेरपिस्ट पण घरी येते.’’

काकांचा हसरा चेहरा गंभीर झाला. ‘‘अरे, तू न्यूज बघतोस की नाही? पब्लिक चार्ज म्हणतात त्याला. सरकारच्या पैशावर जगणारी माणसं त्यांना नकोत. आता तर नियम आणखी टाइट करतायत. उद्या ग्रीन कार्डला अप्लाय करशील, तेव्हा हे सगळं बाहेर काढतील.’’

‘‘पण हे तिच्यासाठी आहे काका,’’ कादंबरी म्हणाली. ‘‘ती तर इथलीच सिटिझन आहे.’’

‘‘अगं, सही कुणाची आहे त्यावर? आई-बापाचीच ना? पोरीसाठीच करताय ना सगळं? मग तिचंच फ्युचर घालवू नका. मी आपला जीव तुटतो म्हणून सांगतो.’’

परत येताना गाडीत दोघांचं वाजलं. ‘‘एकदा कुणातरी वकिलाला विचारू या ना,’’ कादंबरी म्हणत होती.

‘‘विचारायचं म्हणजे आपणच सांगायचं, की आम्ही घेतलंय. युनिव्हर्सिटीत सगळे घाबरलेत यार. जॉब लागेपर्यंतचा प्रश्न आहे. थोडे दिवस. मग आपण प्रायव्हेट थेरपिस्ट लावू, बेस्टातली बेस्ट.’’

मागच्या सीटवर अनिका झोपली होती. कादंबरीने वळून तिच्याकडे पाहिलं आणि वकिलाचा विषय सोडून दिला. भीती तिलाही वाटत होती. परत पाठवलं तर सांगलीत हे सगळं कुठून आणणार, हा विचार तिच्याही मनात होता. त्या आठवड्यात प्रथमेशने फोन करून कार्ड बंद केलं. मिस टेरेसाला सांगायचं काम कादंबरीवर आलं, आणि ते तिच्याच्याने झालं नाही. म्हणून ती त्या दिवशी दार न उघडता फरशीवर बसून राहिली.

लहान मुलाचे कान वाढतात आणि यंत्राचे कानात बसवायचे साचे तोकडे होतात, ते सारखे बदलावे लागतात. विद्यापीठाच्या विम्यात ते बसत नव्हते. साचे सैल झाले तशी यंत्रं शिट्ट्या मारू लागली. अनिका ती ओढून काढायची, फेकायची. हळूहळू यंत्रं खणातच राहू लागली. पुढे साथ आली, सगळं जग घरात बसलं, आणि बाहेर पडावं तर माणसांच्या तोंडावर मास्क. अनिका ओठ बघून जे थोडंफार ओळखायची, तेही गेलं. ‘मोठ्ठी’ गेलं. ‘पा’ गेलं. तहान लागली की ती कादंबरीचा हात धरून तिला नळापाशी न्यायची.

प्रथमेशला नोकरी लागल्याबरोबर त्याने शब्द पाळला. पहिल्याच महिन्यात नवी यंत्रं आली, चांगली थेरपिस्टही आली. ती सगळं तपासून शांतपणे म्हणाली, ‘शिकेल ती. पण पहिल्या तीन वर्षांत मेंदू जे सहज उचलतो, ते आता कष्टाने करावं लागेल.’ शाळेत सगळा कारभार इंग्रजीतच होता. निदान एक भाषा तरी धड येऊ दे, म्हणून घरातही इंग्रजीच बोलायचं ठरलं. आता अनिका सात वर्षांची होती. हुशार, हसरी, चित्रं सुरेख काढायची. पण तिचं बोलणं घराबाहेरच्या माणसाला कळत नसे. सांगलीहून आजीचा फोन आला, की ती स्क्रीनवर हात हलवायची आणि पळून जायची. आणि कादंबरी, जिच्या मराठीवर गाव खूष होतं, ती लेकीशी तीन-तीन शब्दांची इंग्रजी वाक्यं बोलायची.

कंपनीने प्रथमेशसाठी ग्रीन कार्डाचं काम सुरू केलं होतं. यंदा एकदाचा त्याचा नंबर लागला. डाउनटाउनमधल्या वकीलबाईंनी दोघांना बोलावून घेतलं. पगार, पत्ते, प्रवास, सगळं विचारून झाल्यावर त्यांनी सहज विचारलं, ‘‘तुमच्यापैकी कुणी सरकारकडून रोख मदत वगैरे कधी घेतली?’’

प्रथमेशने कादंबरीकडे पाहिलं. ‘‘मुलीसाठी घेतलं होतं. मेडिकल कार्ड, आणि थेरपी. पण आम्ही लगेच कॅन्सल केलं.’’

वकीलबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. ‘‘मुलगी इथे जन्मलेली ना? मग ते तुमच्या अर्जात मोजत नाहीत. तिचं कार्ड तिचं. आणि तसली थेरपी तर कुणाच्याच बाबतीत धरत नाहीत.’’

‘‘आता धरत नाहीत,’’ कादंबरी म्हणाली. ‘‘पण तेव्हा, नियम कडक केले होते तेव्हा?’’

‘‘तेव्हाही नाही. त्या वेळी बरेच लोक असे घाबरून बाहेर पडले. पुढे नियम बदलायचं पुन्हा चाललंय, म्हणून विचारत राहायला हवं. पण तुमच्या मुलीचं तेव्हाही मोजलं जाणार नव्हतं.’’ मग दोघांचे चेहरे बघून त्यांनी विचारलं, ‘‘का कॅन्सल केलंत?’’

प्रथमेश समोरचे कागद गोळा करू लागला.

परतताना प्रथमेशने गाडी सरोवराच्या काठाला घेतली आणि इंजिन बंद केलं. ‘‘तू म्हणाली होतीस, विचारू या म्हणून,’’ तो म्हणाला. ‘‘मी तुझं ऐकायला हवं होतं गं.’’

कादंबरीला वाटलं होतं, हे वाक्य कधी कानावर आलं तर आपण त्याला फाडून खाऊ. पण तो रडत होता, आणि तिला मिस टेरेसाची पाठ आठवत होती. ‘‘दार मी उघडलं नाही रे,’’ ती म्हणाली. ‘‘फोन मलाही करता आला असता. नुसतं तिला विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं.’’

दिवाळीच्या फराळाला ते काकांकडे गेले. काकू मागच्या वर्षी वारल्या होत्या. काका थकले होते, पण चकल्या बाहेरून आणून का होईना, त्यांनी सगळ्यांना बोलावलं होतं. कादंबरी मनात ठरवून आली होती, की काही बोलायचं नाही. या वयात त्यांना दुखवून काय मिळणार?

दिवाणखान्यात सावनी नावाची एक नवी मुलगी बसली होती. नवरा पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला. मांडीवर तिचं बाळ होतं, सातव्या महिन्यात जन्मलेलं, टोपीत चेहरा हरवलेलं. ती काकांना विचारत होती, ‘‘काका, हॉस्पिटलवाले म्हणतायत बाळाला स्टेटचं कार्ड देतो. घरी नर्स येईल, वजन बघेल, फॉर्म्युला दूध पण मिळेल. घेऊ का?’’

‘‘अजिबात नाही,’’ काका म्हणाले. ‘‘थोडी कळ काढा. पुढे ग्रीन कार्डला...’’

‘‘काका, थांबा.’’

खोलीतले सगळे वळले. कादंबरीचा आवाज चढला नव्हता. पण कित्येक वर्षांनी तो तसा, पल्लेदार आणि स्वच्छ लागला होता.

‘‘ते तसं नाहीये काका. बाळाला मिळालेलं आई-बापाच्या अर्जात मोजत नाहीत. आम्ही वकिलांना विचारलं.’’

‘‘आता बदललं असेल मग,’’ काका म्हणाले.

‘‘नाही. तेव्हाही मोजत नव्हते.’’

काकांची नजर कोपऱ्यात रांगोळीचे रंग न्याहाळत बसलेल्या अनिकाकडे गेली. मग कादंबरीकडे. हातातली बशी त्यांनी टीपॉयवर ठेवायला घेतली, ती कडेला लागून कलंडली आणि चिवडा गालिच्यावर सांडला.

‘‘मी तर...’’ ते म्हणाले. ‘‘अगं, मला वाटलं...’’

‘‘माहीत आहे काका. तुम्ही आमच्या भल्यासाठीच सांगितलंत.’’ ती खाली बसून चिवडा गोळा करू लागली. काकाही गुडघ्यावर हात टेकत, कष्टाने खाली बसले. दोघं एकेक शेंगदाणा वेचत राहिले. शेवटी काका अगदी हळू म्हणाले, ‘‘मी कुणाला विचारलं नव्हतं गं. लोक बोलत होते, तेच मी सांगितलं.’’

निघताना सावनी दारापर्यंत आली. ‘‘ताई, मग नक्की घेऊ ना?’’

‘‘माझंही ऐकू नकोस,’’ कादंबरी म्हणाली. ‘‘युनिव्हर्सिटीत फुकट सल्ला देणारे वकील असतात. आपण दोघी जाऊन विचारू. ते हो म्हणाले की मीच तुला क्लिनिकला नेते.’’

वकील हो म्हणाला. पुढच्या आठवड्यात कादंबरीने सावनीला आणि बाळाला गाडीत घातलं. शाळेला सुट्टी होती, म्हणून अनिकाही बरोबर होती. क्लिनिकमध्ये गर्दी होती. निरनिराळ्या देशांतल्या आया, मांडीवर, कडेवर मुलं. सावनी कावरीबावरी होऊन सारखी दाराकडे बघत होती, जणू कुणी येऊन उठवून लावेल. ‘‘बस गं निवांत,’’ कादंबरी म्हणाली. शेजारी अनिका कागदावर त्या टोपीतल्या बाळाचं चित्र काढत होती.

आतून एक नर्स बाहेर आली. तिने सावनीचं नाव अडखळत, पण हसून उच्चारलं. सावनीने कादंबरीचा हात घट्ट दाबला, बाळाला छातीशी धरलं आणि ती आत गेली. तिच्यामागे दार मिटलं.

अनिकाने आईची बाही ओढली आणि दाराकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. समोरच्या बाईने कुतूहलाने मान वर केली. तिला ते कळलं नाही. कादंबरीला कळलं. ती विचारत होती, आता आपला नंबर का?

कादंबरीने तिच्याकडे तोंड वळवलं, ओठ नीट दिसतील असं, आणि नाही म्हणून मान हलवली.